'नमुन्यादाखल तीस कोडी पाठवा' म्हणणाऱ्यांपासून सावध

शब्दकोडी रचणाऱ्यांची फसवणूक सहसा फार मोठ्या रकमेची नसते. त्यामुळे तक्रार होत नाही, आणि तक्रार होत नाही म्हणून तीच माणसे तोच डाव पुढच्या वर्षी नव्या कोडेकारांवर टाकतात. हा डाव कसा चालतो, तो कुठे ओळखू येतो आणि कोडे हातातून जाण्याआधी काय करायचे, ते इथे लिहीत आहोत.

सुरुवात बहुधा व्हॉट्सॲपवरच्या निरोपाने होते. नवी पुरवणी, नवे ॲप किंवा दिवाळी अंक निघतो आहे, कोडेकार हवेत, मानधन चांगले आहे, 'आधी नमुन्यादाखल तीस कोडी उत्तरांसह पाठवा, निवड झाल्यास कळवू.' खरी गोम त्या तीस आकड्यात आहे. कोडेकाराचा हात ओळखायला संपादकाला दोन कोडी पुरतात, एक सोपे आणि एक कठीण. तीस कोडी म्हणजे दैनिकाचा अख्खा महिना. हाच निरोप चौघांना गेला की १२० कोडी जमली, चार महिन्यांची बेगमी झाली, तीही एक रुपया खर्च न करता. मग 'आपली निवड होऊ शकली नाही' एवढे उत्तर येते, कधी तेही येत नाही. पुढे तीच कोडी दुसऱ्याच्या नावाने किंवा बिननावाने छापून येतात.

यात किती श्रम लुटले जातात हे कोडे सोडवणाऱ्यांनाही फारसे ठाऊक नसते. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर बसते, काना-मात्रा-वेलांटीसकट. जोडाक्षरालाही एकच घर. 'कमान' आडवा टाकला की मधल्या घरातून खाली उतरणारा शब्द 'मा'नेच सुरू व्हायला हवा. तिथे 'माकड' चालते, 'मगर' चालत नाही. इंग्रजीत २६ अक्षरांत जुळवाजुळव असते, इथे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी मध्ये उभी राहते. अकरा बाय अकराच्या जाळीत १२१ घरे. त्यातली तीस-पस्तीस काळी केली तरी ऐंशी-नव्वद घरे भरायची उरतात आणि त्यातली बरीच दोन्ही दिशांनी जुळवावी लागतात. इंग्रजीसाठी केलेली सॉफ्टवेअर अनेकदा मात्रा वेगळी मोजतात, म्हणून बरेच जण एक्सेलमध्येच हाताने जाळी भरतात. भरणे, प्रत्येक शब्द ओळखता येईल अशी सूचना लिहिणे, शब्दकोशात पडताळणे आणि दुसऱ्या दिवशी ताज्या डोळ्यांनी स्वतः सोडवून पाहणे हे सगळे धरले तर एका चांगल्या कोड्यामागे एक दिवस सहज जातो.

म्हणून नमुना द्यायचा तो आधी कुठेतरी स्वतःच्या नावाने छापून आलेल्या कोड्याचा. तसे नसेल तर जास्तीत जास्त दोन नवी कोडी द्यावीत, तीही चित्र किंवा पीडीएफ करून, प्रत्येक पानावर नाव, दिनांक आणि 'फक्त अवलोकनासाठी' असे लिहून. एक्सेलची फाइल ठरल्याशिवाय देऊ नये. ती हातात पडली की नाव पुसून छपाईला लावायला दहा मिनिटे लागतात.

फाइलीवरूनच दुसरा डाव निघतो, आणि तो जास्त लागतो, कारण त्यात कोडेकाराच्या कामालाच नावे ठेवली जातात. कोडी छापून येतात, पण मानधनाच्या वेळी सांगतात, 'तुमच्या कोड्यांत चुका होत्या, वाचकांचे फोन आले, निम्मे पैसे कापले.' छापलेली जाळी नीट पाहा. युनिकोडमधला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये बदलताना ऱ्हस्व वेलांटी घसरते. जुन्या फॉन्टमध्ये ती व्यंजनाच्या आधी टाइप होते, त्यामुळे घर तोडताना शेजारच्या घरात जाऊन बसते. 'कविता'तली वेलांटी 'क'च्या घरात गेली की उभा शब्दही मोडतो. ही चूक अक्षरजुळणीची आहे. तिचे खापर कोडेकाराच्या माथी फुटू नये म्हणून युनिकोड मजकुराबरोबर भरलेल्या जाळीची पीडीएफ ईमेलने पाठवावी आणि छपाईपूर्वी मुद्रित, म्हणजे तपासणीसाठीची प्रत, मागावे. मुद्रित दाखवले नाही तर चुकांसाठी मानधन कापता येणार नाही, हे आधीच लिहून घ्यावे.

हक्कांच्या बाबतीत कायदा कोडेकाराच्या बाजूने आहे, पण तो माहीत नसल्यामुळे लोक गप्प बसतात. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, नोकरीत नसलेल्या आणि बाहेरून कोडी देणाऱ्या माणसाच्या रचनेचा पहिला मालक तोच असतो. वेगळा करार असेल तर गोष्ट निराळी. 'आमच्याकडे पाठवले म्हणजे हक्क आमचे' असे फोनवर म्हटल्याने हक्क जात नाहीत. हस्तांतरण लेखी हवे आणि त्यावर देणाऱ्याची सही हवी. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता. सुटा शब्द किंवा 'मातीचा दिवा' यासारखी सूचना कुणाच्या मालकीची नसते. तुमची म्हणून सांगता येते ती भरलेली जाळी आणि तिच्या सूचनांचा संच.

जिथे गोड बोलून 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असा कागद पुढे करतात, तिथे प्रश्न विचारावा: पुस्तक निघाले तर? ॲपवर टाकले तर? दुसऱ्या गावच्या आवृत्तीत छापले तर? बहुतेकांना एकदाच छापायचे असते, मग कागदही तेवढाच हवा. ईमेलमध्ये एवढे लिहिले तरी पुरते: 'क्रमांक १ ते १० ही कोडी आपल्या अमुक अंकात एकदा, माझ्या नावासह छापण्यास परवानगी देत आहे. पुनर्मुद्रण, पुस्तक, ॲप किंवा अन्य वापरासाठी स्वतंत्र परवानगी व मानधन लागेल. मानधन प्रति कोडे इतके रुपये, प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत.' यावर 'मान्य' असे उत्तर आल्यावरच फाइल पाठवावी. जो प्रामाणिक आहे त्याला एका शब्दाचे उत्तर द्यायला काहीच जड जात नाही.

तिसरा डाव उघड पैशांचा आहे. 'तुमच्या कोड्यांचे पुस्तक काढू' म्हणून नोंदणी शुल्क, परीक्षण शुल्क आणि आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) शुल्क मागतात. भारतात आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन राय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून मोफत मिळतो. त्याच्यासाठी 'सरकारी फी' म्हणून कुणी पैसे मागितले की तिथेच संवाद संपवावा. स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढणे ही वेगळी आणि सरळ गोष्ट आहे. तिथे छपाईचे दरपत्रक मिळते आणि प्रती आपल्या ताब्यात येतात. मानधन देतो म्हणून यूपीआयवर विनंती पाठवली आणि पिन टाकायला सांगितला, तर ते तुमचे पैसे काढून घेणे आहे. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, तासांचा उशीरही महाग पडतो.

बक्षिसी कोड्यांचे काम आले तर विशेष जपावे. प्रवेशमूल्य घ्यायचे, प्रत्येक सूचनेला दोन-दोन उत्तरे बसतील अशी जाळी मागायची आणि 'बरोबर' उत्तर पाकिटात बंद ठेवायचे, हा प्रकार जुना आहे. अशा स्पर्धांसाठी संसदेने १९५५ साली बक्षीस स्पर्धा कायदा केला, आणि १९५७ साली सर्वोच्च न्यायालयात गाजलेला चमारबागवाला खटलाही शब्दकोडे स्पर्धेवरूनच उभा राहिला होता. कौशल्यापेक्षा नशिबावर चालणाऱ्या स्पर्धेत महिन्याची एकूण बक्षिसे हजार रुपयांच्या वर नेता येत नाहीत. 'चोर की मोर' अशी दोन्ही उत्तरे बसणारी सूचना मुद्दाम मागितली, तर आपल्या हातून वाचकांची फसवणूक करून घेतली जात आहे हे ओळखावे.

चोरी झाली हे सिद्ध कसे करायचे? आरशातल्यासारखी उलटवलेली जाळी चोराच्या कामाची नसते, कारण आडवे शब्द उलटे होतात. वरखाली केली तर उभे शब्द मोडतात. शब्द शाबूत ठेवून जाळी ओळखू न येण्याजोगी करायची एकच सोय उरते: वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या कर्णावर ती पलटायची. ओळींचे रकाने होतात, आडवे शब्द उभे होतात, क्रमांक बदलतात. एक्सेलमध्ये 'पेस्ट स्पेशल'मधल्या 'ट्रान्सपोज'ने हे क्षणात होते, आणि पडताळाही तितक्याच लवकर घेता येतो. आपली जाळी तशी पलटून छापलेल्या जाळीशेजारी ठेवा. तिसऱ्या ओळीतले सातवे घर काळे होते, ते आता सातव्या ओळीतले तिसरे असेल.

दुसरी खूण सूचनांत पेरून ठेवावी. 'पणती'साठी 'मातीचा छोटा दिवा' कुणीही लिहील. 'नातवाची लेक, तेलवात मागते' ही सूचना दोघांना वेगवेगळी सुचणार नाही. प्रत्येक कोड्यात अशा चार-पाच सूचना आणि एखादा दुर्मीळ शब्द हवाच. अमेरिकेत मार्च २०१६ मध्ये असाच प्रकार उघडकीला आला. 'यूएसए टुडे' आणि 'युनिव्हर्सल' या मालिकांतल्या साठहून अधिक कोड्यांत 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या जुन्या कोड्यांतला मजकूर उचललेला आढळला, अनेकदा टोपणनावांखाली. सॉल प्वानसन यांनी जमवलेल्या कोड्यांच्या संग्रहात जाळ्यांची तुलना करता आली, म्हणून हे दिसले. मराठीत असा संग्रह आपल्यापैकी कुणीतरी उभारायला हवा अशी फार इच्छा आहे.

तोवर प्रत्येकाने आपली वही ठेवावी: कोड्याचा क्रमांक, पूर्ण झाल्याचा दिनांक, कुणाला पाठवले, कुठल्या ईमेलवरून, कधी आणि कुठे छापले, मानधन किती आले. भरलेली जाळी त्याच दिवशी स्वतःलाच ईमेल करावी. पुस्तकासाठी राखलेला मोठा संच असेल तर कॉपीराइट कार्यालयात नोंदवावा, साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे. मानधन अडले तर आधी ईमेल, मग रजिस्टर्ड पोस्टाने पत्र आणि त्यानंतर वकिलाची नोटीस. थकलेल्या रकमेच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तेव्हा 'पुढच्या महिन्यात देतो' यावर ती घालवू नये. आणि छापील अंक जपून ठेवावा. ई-पेपरचा दुवा पुढे उघडेलच असे नाही. फोटो काढताना अंकाचे नाव, दिनांक आणि पान क्रमांक एकाच चौकटीत येऊ द्यावेत. शेवटच्या पानावर मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे व पत्ता छापलेला असतो, त्या ओळीचाही वेगळा फोटो घ्यावा. नोटीस पाठवायची असते ती त्याच पत्त्यावर.