१९०३ चे म्हणून मला विकलेले उंटांचे पोस्टकार्ड

बिकानेरच्या ‘गंगा रिसाला’ या उंटदळाविषयीचे कागद आणि छायाचित्रे मी बरीच वर्षे जमवत आहे. महाराजा गंगासिंह यांचे हे दळ १९०० मध्ये चीनला, त्यानंतर आफ्रिकेतल्या सोमालीलँडच्या मोहिमेवर आणि पहिल्या महायुद्धात इजिप्तला गेले होते. त्यामुळे लादलेले उंट आणि शेजारी गणवेशातले जवान दाखवणारे, ‘सोमालीलँड, मार्च १९०३’ असा शाईने लिहिलेला मजकूर असलेले छायाचित्र-पोस्टकार्ड विक्रीला आहे असे कळले, तेव्हा सारासार विचार बाजूला पडला, हे कबूल करतो.

विक्रेत्याने पुढच्या बाजूची चांगली छायाचित्रे पाठवली. मागची बाजू मागितली असता, कार्ड जुन्या चौकटीत बसवलेले असून काढताना कागद फाटेल, असे उत्तर आले. दुसरे गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत थांबणार आहे, असेही त्याने सांगितले, आणि मी साडेसहा हजार रुपये यूपीआयने पाठवून मोकळा झालो. खरे तर मागची बाजू दाखवायला नकार मिळाला, तिथेच व्यवहार थांबवायला हवा होता. कारण पोस्टकार्डाचे वय बहुतेकदा पाठीवरच कळते.

कार्ड आल्यावर काच उघडली. उंटाच्या मानेवरून गेलेला ओरखडा डोळ्यांना स्पष्ट दिसत होता, पण बोट फिरवले तर पृष्ठभाग गुळगुळीत. म्हणजे ओरखडा मूळ छायाचित्रावर होता आणि माझ्या हाती त्याची छपाई आली होती. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले. खऱ्या ब्रोमाइड छायाचित्रात (चांदीच्या क्षाराचा थर असलेल्या कागदावर उतरवलेल्या) असे ठिपके नसतात, छटा एकमेकींत विरघळलेल्या असतात आणि गडद भागांच्या कडांना वयानुसार चांदीसारखी चकाकीही येऊ शकते. नोटा तपासायच्या जांभळ्या प्रकाशाच्या टॉर्चखाली कागद निळसर पांढरा उजळला. कागदाला असे उजळवणारी रसायने १९५० च्या आसपास रूढ झाली, त्याआधीच्या कागदात ती नसतात. (कागद न उजळणे हा मात्र अस्सलपणाचा पुरावा नव्हे, जुना कोरा कागद मिळवणारे महाभाग आहेत.)

सगळ्यांत लाजिरवाणी चूक तिकिटाची होती. हिरवे अर्ध्या आण्याचे तिकीट मी पाहताच १९०३ मध्ये गादीवर असलेल्या ब्रिटिश राजाचे, सातव्या एडवर्डचे, समजलो असतो, पण ते पंचम जॉर्जचे निघाले. जॉर्ज गादीवर आले १९१० मध्ये. १९०३ च्या पत्रावर त्यांचे तिकीट कुठून येणार? शिवाय टपाल शिक्क्याची गोल रेघ तिकिटाच्या कडेपाशीच तुटत होती, कार्डावर पुढे उतरलीच नव्हती. वापरलेले सुटे तिकीट नंतर डकवले असणार, हे उघड आहे.

परतावा मागितल्यावर आधी ‘विकलेला माल परत घेत नाही’ असे उत्तर आले, मग माझा क्रमांकच बंद केला गेला. मी १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार नोंदवली. पैसे अजून मिळालेले नाहीत. जाहिरातीचे चित्र, संभाषण आणि व्यवहार क्रमांक जपून ठेवल्यामुळे निदान तक्रार लिहिताना काही आठवत बसावे लागले नाही. परवा त्याच चित्राचे दुसरे कार्ड, मानेवरच्या त्याच ओरखड्यासह, ‘इजिप्त, १९१५’ म्हणून विक्रीला आलेले पाहिले.