ॲल्युमिनियमच्या स्पॉटची अल्ट्रासोनिक तपासणी: घ्या, पण छिन्नी मोडीत काढू नका

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं पत्र्याच्या कामाचं छोटं वर्कशॉप आहे, क्वालिटी मी बघते. स्टीलचे स्पॉट, म्हणजे दोन पत्रे तांब्याच्या टिपांमध्ये दाबून करंटने केलेले ठिपक्याएवढे वेल्ड, आम्ही छिन्नीनेच तपासत आलो. जॉब उचकटायचा, नगेट (मध्ये वितळून गोठलेला धातू) मोजायचं, जॉब भंगारात. ॲल्युमिनियमचे बॉक्स सुरू झाल्यावर हे परवडेना. पत्रा महाग, त्यात तांब्याच्या टिपला ॲल्युमिनियम चिकटून ती इतकी लवकर बिघडते की सकाळचा स्पॉट बघून दुपारच्याची हमी देता येत नाही. म्हणून जागेवर येऊन ध्वनिलहरींनी, न उचकटता तपासून देणारी सेवा लावली.

त्यांचा माणूस धारवाडकडचा, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणारा, कामात एकदम सावकाश. प्रोब (ध्वनी सोडून प्रतिध्वनी टिपणारं हत्यार) 20 मेगाहर्ट्झचा, आत पाणी आणि टोकाला पातळ रबराचा पडदा. स्पॉटच्या खड्ड्यात तो पडदा नीट बसतो. आमचे दोन्ही पत्रे 1.5 एमएमचे. ॲल्युमिनियममध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे 6300 मीटर जातो, त्यामुळे स्पॉट धरला असेल तर स्क्रीनवर दोन प्रतिध्वनींत साधारण 0.95 मायक्रोसेकंदाचं अंतर दिसतं. धरला नसेल तर ध्वनी वरच्या पत्र्याच्या तळावरूनच माघारी येतो आणि अंतर निम्मं होतं. मोठ्या टोकांच्या मध्ये बारकी टोकं उठली, तर नगेट प्रोबपेक्षा लहान.

इथेच आमची जुंपली. ॲल्युमिनियमला किमान नगेट जाडीच्या वर्गमुळाच्या पाचपट धरतात, म्हणजे आमच्या पत्र्याला 6.1 एमएम. तपासणीवाल्या साहेबांनी आणला होता स्टीलच्या चारपटीच्या हिशोबाचा, पाच एमएमचा प्रोब. "मॅडम, चालतंय की ओ!" चालतंय खरं, पण त्यात 5 एमएमचं नगेटही पास होतं. पुढच्या खेपेला योग्य प्रोब आला, कुरकुर न करता.

खरी अडचण नुसत्या चिकटलेल्या स्पॉटची. पत्रे जुळलेले असतात, पण मध्ये धातू वितळलेलाच नसतो. स्टीलमध्ये नगेटचे जाड कण ध्वनी गिळतात, प्रतिध्वनी झपाट्याने उतरतात, त्यावरून असा स्पॉट ओळखता येतो. ॲल्युमिनियममध्ये हा फरक पुसट. रिपोर्टात ओके लिहिलेला एक स्पॉट आम्ही छिन्नीने उघडला, तर बटण (पत्र्याला चिकटून राहणारा वेल्डचा गोल तुकडा) न सोडता सपाट सुटला. हे असं होऊ शकतं, असं त्या माणसाने आधीच सांगितलं होतं, हे त्याच्या बाजूने लिहायलाच हवं. कंपनीच्या माहितीपत्रकात मात्र त्याबद्दल चकार शब्द नाही.

टिप तिरकी बसून खड्डा कलता झाला असेल तर प्रोब टेकत नाही आणि चांगला स्पॉटही फेल दिसतो. असे स्पॉट त्याच्याकडून दुसऱ्यांदा बघून घ्या.

रिपोर्ट इंग्रजीत येतो. आमच्या ऑपरेटरांपैकी कुणी मराठी वाचतं, कुणी कन्नड. तेव्हा खराब स्पॉटवर मार्करने फुली मारून द्यायला सांगितलं, ते लगेच केलं.

पाचपैकी साडेतीन. बोलावणार असाल तर नव्या टिपचे स्पॉट दाखवत बसू नका. टिप घासायच्या आधीचे शेवटचे स्पॉट पुढे ठेवा.