एकच दिवस हातात आहे : वेरूळ घ्यायचं की अजिंठा?

परिषदेच्या नोंदणी अर्जात सगळ्यात शेवटी एक चौकट असते. वर नाव, संस्था, शाकाहारी-मांसाहारी, सोबत कोणी आहे का, आणि तळाला ‘ऐच्छिक सहल, कृपया एकावरच खूण करा’. छत्रपती संभाजीनगरात वर्षभर काही ना काही भरत असतं. कधी डॉक्टरांचं, कधी इंजिनिअरांचं, कधी प्राध्यापकांचं. अशा दोन-तीन आयोजन समित्यांवर सहलीचं खातं माझ्याकडे होतं. (भोजनाचं मला कोणी देत नाही, त्यामागे एक जिलबीची कथा आहे, ती नको.) नोंदणी सुरू झाली की फोन ठरलेला : “अहो, काय घेऊ? वेरूळ की अजिंठा?”

माझा उलटा प्रश्न असतो : कोणता वार?

अजिंठा सोमवारी बंद असतं, वेरूळ मंगळवारी. परिषदा बहुधा शुक्रवार ते रविवार. रविवारी दुपारी समारोप, प्रमाणपत्रं, फोटो, आणि सहल सोमवारी. म्हणजे सगळ्यांना सवड असते नेमकी त्याच दिवशी अजिंठ्याला कुलूप. हे मी फार शहाणपणाने सांगतोय असं नाही. एका वर्षी आमच्याच पत्रकात सोमवारी अजिंठा छापून गेलं होतं. पन्नासेक जणांनी खूणही केली. मग जळगावच्या एका सभासदाचा फोन आला, “तुमच्यासाठी खास उघडणार आहेत का?” तेव्हापासून कॅलेंडर भिंतीवर नाही, टेबलावर ठेवतो.

तर सहल सोमवारी असेल तर प्रश्न सुटलाच, वेरूळ. परिषदेच्या आदल्या दिवशी, गुरुवारी असेल, किंवा तुम्ही मंगळवारपर्यंत थांबणार असाल, तर मात्र पुढचं वाचा.

आणि एक खूण कधीच करू नका : ‘अजिंठा-वेरूळ, एक दिवस’. टूरवाले हे हौसेने विकतात. अजिंठा शहरापासून शंभर किलोमीटरच्या वर, ईशान्येला; वेरूळ तीसच्या आसपास, वायव्येला. सकाळी सहाला निघालात तर साडेआठ-नऊला फर्दापूर. तिथून पुढे खासगी गाडी जात नाही, शेवटचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने. दोन तासांत लेणी उरकायची, जेवण, पुन्हा बस, आणि वेरूळला पोचेपर्यंत चार-साडेचार. कैलास धावत बघायचा आणि अंधार पडतो. दिवसातले सहा-सात तास गाडीतच गेलेले असतात. दोन्ही ठिकाणी जाऊन आलो म्हणता येतं, पाहिलं एकही नाही.

वेरूळची जमेची पहिली बाजू अंतर. सकाळी साडेसातला निघून दुपारी दोन-अडीचला परत येता येतं, त्यामुळे संध्याकाळचं विमान असणाऱ्याने दुसरा विचारच करू नये. लेणी ३४ : १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. सगळी बघायच्या भानगडीत पडू नका. १०, १२, १६, २९ आणि ३२, एवढी नीट बघितली तरी चार तास जातात. जैन लेणी बाजूला, किलोमीटरभर पुढे आहेत. गटातले निम्मे लोक तिथे जातच नाहीत आणि ३२ व्या लेण्यातली, इंद्रसभेतली कोरीव नजाकत चुकवतात.

१६ वं लेणं म्हणजे कैलास. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं. बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आधी कळस, मग पाया. हे वाक्य शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं, पण त्याचा अर्थ चौकात उभं राहून मागचा सुमारे तीस मीटरचा कडा बघितला की कळतो. घाई असली तरी एक जागा चुकवू नका. मंदिराच्या दक्षिण बाजूला, खालच्या अंगाला, रावण कैलास हलवतोय. त्याचे हात पर्वताखाली रुतलेत. वर पार्वती दचकून शंकराच्या दंडाला बिलगली आहे, तिच्या मागे एक दासी पळत सुटली आहे, आणि शंकर मात्र अगदी निवांत. त्या पळणाऱ्या दासीकडे बघा. हजार-बाराशे वर्षं ती पळतेच आहे आणि गाइडचं लक्ष रावणावर असतं.

प्रकाशाचं एक सांगतो, कारण पत्रकात ते कोणी लिहीत नाही. वेरूळची लेणी पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी बाहेर गारवा असतो, पण आतल्या भिंती सावलीत. दुपार कलली की ऊन आत शिरतं. १० व्या लेण्यात, ज्याला विश्वकर्मा किंवा ‘सुतार की झोपडी’ म्हणतात, दर्शनी भागातल्या मोठ्या खिडकीतून उतरतं ऊन आत बुद्धमूर्तीवर येतं. म्हणून पूर्ण दिवस असेल तर मी क्रम उलटा लावतो : सकाळी देवगिरी, दुपारी लेणी.

देवगिरी, म्हणजे दौलताबाद, वेरूळच्याच रस्त्यावर. यादवांची राजधानी, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी चालून आला, १३२७ मध्ये तुघलकाने दिल्ली इथे आणायचा घाट घातला. इतिहास दांडगा, पण सहलीच्या दृष्टीने प्रश्न गुडघ्यांचा आहे. वरपर्यंत साडेसातशेच्या आसपास पायऱ्या. मधल्या अंधारीत वटवाघळांचा वास नाकात बसतो आणि भुयारातून चालताना पुढच्याचा हात धरावा लागतो. चाळिशीच्या आतल्यांना भारी वाटतं. बाकीच्यांनी चांदमिनारापर्यंत जाऊन, मेंढा तोफ बघायचा मोह आवरून, खाली चहा घ्यावा. हंगाम असेल तर रस्त्यावर सीताफळं.

वेरूळला जाऊन घृष्णेश्वर न करणारा मराठी माणूस मला अजून भेटायचाय. बारावं ज्योतिर्लिंग, आत्ताचं देऊळ अहिल्याबाई होळकरांच्या काळातलं. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांना अंगातला सदरा-बनियन काढावं लागतं, हे परिषदेच्या कोटात आलेल्यांना तिथे पोचल्यावर कळतं. सोमवारी रांग मोठी. श्रावणात तर विचारूच नका. गट मोठा असेल तर लेणी बघणारे आणि दर्शनाला जाणारे असे दोन भाग करा, नाहीतर पन्नास माणसं बसमध्ये बसून पाच माणसांची वाट बघतात.

आता अजिंठा.

खरं बोलायचं तर अजिंठा पहिल्या अर्ध्या तासात निराश करतं. भित्तिचित्रातला पद्मपाणी बोधिसत्त्व तुम्ही पुस्तकांत, पोस्टरांवर, फोनवर इतका उजळ पाहिलेला असतो की १ नंबरच्या लेण्यात शिरल्यावर आधी काही दिसतच नाही. बाहेरच्या लख्ख उन्हातून आलेले डोळे, आत मंद दिवे, फ्लॅशला बंदी, आणि मागचा गट ‘चला चला’ करतोय. निम्मे लोक इथेच मनातल्या मनात पैसे मोजायला लागतात. त्यांना मी एकच सांगतो : चप्पल काढून आत गेलात की पाच मिनिटं नुसते उभे राहा, फोन खिशात. हळूहळू भिंत उघडते. आधी मुकुट, मग खाली झुकलेल्या पापण्या, मग हातातलं निळं कमळ, आणि मग लक्षात येतं की डोक्यावरचं छतसुद्धा रंगवलेलं आहे, फुलं, फळं, हंस, इंच न् इंच. हे फोटोत येत नाही, कारण फोटो एका वेळी एकच चित्र दाखवतो आणि तिथे तुम्ही चित्रांच्या आत उभे असता.

वाघूर नदीच्या घोड्याच्या नालेसारख्या वळणावर सुमारे तीस लेणी. ९ आणि १० सगळ्यात जुनी, इसवी सनापूर्वीची. बाकीची बरीचशी पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या काळातली. १८१९ मध्ये शिकारीला आलेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती पडली आणि त्याने १० व्या लेण्यातल्या एका खांबावर स्वतःचं नाव कोरलं. ते नाव आज डोक्याच्याही वर दिसतं, कारण तेव्हा आत मातीचा ढीग होता आणि साहेब त्यावर उभे होते. पुढे रॉबर्ट गिलने वर्षानुवर्षं इथे राहून चित्रांच्या प्रती केल्या, त्यातल्या बहुतेक लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या १८६६ च्या आगीत गेल्या.

बघायची ती १, २, १६, १७, १९ आणि शेवटी २६. या शेवटच्यात बुद्धाचं महापरिनिर्वाण, सुमारे सात मीटर लांबीची पहुडलेली मूर्ती, खाली रडणारे शिष्य. बरेच गट १९ पर्यंत थकून परत फिरतात. पाणी जवळ ठेवा आणि २६ गाठा.

सुरुवातीचा चढ दमवणारा आहे. ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. चार माणसं खांद्यावरून नेतात. आमच्या एका ज्येष्ठ प्राध्यापक बाईंनी आधी ठाम नकार दिला, मग वरच्या पायऱ्या बघून बसल्या आणि उतरल्यावर त्या चौघांना चहा पाजला.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदाच येणाऱ्याने, सोबत लहान मुलं किंवा आई-वडील असतील तर नक्कीच, वेरूळ. कैलास कोणालाही कळतो, पाच वर्षांच्या पोरालासुद्धा. अजिंठ्याला थोडी तयारी लागते, निदान एखाद-दुसरी जातककथा (बुद्धाच्या पूर्वजन्मांची गोष्ट) वाचून यावं, नाहीतर १७ वं लेणं म्हणजे नुसती गर्दी वाटते. पण पूर्ण दिवस मोकळा असेल, वार जुळत असेल आणि या शहरात पुन्हा यायचं कारण दिसत नसेल तर अजिंठाच घ्या. वेरूळच्या तीसेक किलोमीटरसाठी माणूस शिर्डीला जाता-येताही वाट वाकडी करून जातो, अजिंठ्याला मुद्दाम जावं लागतं.

पैठणची सहल पत्रकात बहुधा ‘सोबतच्या व्यक्तींसाठी’ म्हणून असते, म्हणजे नवऱ्यांनी व्याख्यानं ऐकायची आणि बायकांनी साड्या बघायच्या अशी समितीची समजूत. माझी बायको स्वतः परिषदांना जाते, ती हे वाचून काय म्हणेल ते लिहीत नाही. पन्नासेक किलोमीटर दक्षिणेला, नाथांची समाधी, जायकवाडीचं धरण, हिवाळ्यात पक्षी. पैठणी विणताना बघायची असेल तर मागावर बसलेल्या कारागिराला पदर उलटा करून दाखवायला सांगा. हातमागाच्या पैठणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ असते. मागे दोरे लोंबत असतील तर किंमत त्या हिशोबाने करा. दुकानात ही युक्ती वापरली की दुकानदाराचा सूरच बदलतो.

लोणार त्यांच्यासाठी, ज्यांचं वेरूळ-अजिंठा दोन-दोनदा झालंय. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर, मध्ये खारं पाणी, २०२० मध्ये गुलाबी झालं होतं ते हेच. समृद्धी महामार्गामुळे आता दिवसात जाऊन येणं सोपं झालंय आणि वाटेत सिंदखेडराजा होतं. खाली तळ्यापर्यंत उतरणार असाल तर बूट घाला.

बीबी का मकबरा आणि पाणचक्की यांच्यासाठी सहलीची खूण वाया घालवू नका. सत्र संपल्यावर संध्याकाळी रिक्षाने होतं, आणि येताना नान-कलिया (नान आणि मांसाचा रस्सा) खा.

अजिंठा घेणाऱ्यांसाठी शेवटचं, हे मला उशिरा सुचलं. तुमची परतीची गाडी नागपूर, मुंबई किंवा दिल्लीकडची असेल तर संभाजीनगरला माघारी येऊच नका. अजिंठ्यापासून जळगाव स्टेशन साठेक किलोमीटर, आणि तिथून सगळीकडे गाड्या. सकाळी हॉटेल सोडतानाच बॅग बसमध्ये टाका, फर्दापूरला टॅक्सी ठरवा. किट बॅगमधली ती परिषदेची जाडजूड स्मरणिका मात्र रिसेप्शनवर विसरा, ओझं फार होतं.