आवाज राखायला गेलो आणि आवाजच देऊन बसलो

आधी आकडा लिहून टाकतो, म्हणजे काय ती लाज एकदाच वाटेल. ७५,९९९ रुपये. चपलेच्या दुकानातल्या पाटीवर शोभावा असा आकडा. आवाजाची नोंदणी करून देतो म्हणणाऱ्या ठगांना सहा वेळा मिळून पाठवले, माझ्याच फोनवरून, माझ्याच अंगठ्यानं. कुणी मानेवर सुरी ठेवली नव्हती.

मी निवेदक. बावीस वर्षं माईक हातात आहे. पलूस, तासगाव, विटा, इकडं कवठेपिरानपर्यंत कुस्त्यांची मैदानं, जत्रा, लग्नं, आणि शर्यती परत सुरू झाल्यापासून बैलगाड्यांचं समालोचन. रान दीड एकर, त्यातलं अर्धं चुलत्याच्या वादात. बाकी घर या गळ्यावर चालतं. बी.ए. झालोय, अगदीच अडाणी नाही, हेही सांगून ठेवतो, कारण खाली वाचताना तुम्हाला तसं वाटणार आहे.

गेल्या दिवाळीत भाच्यानं मोबाइलवर शर्यतीचं एक आमंत्रण ऐकवलं. आवाज शेजारच्या तालुक्यातल्या माझ्या ओळखीच्या समालोचकाचा. त्याला फोन केला तर म्हणाला, "मी हे बोललोच नाही, कुणीतरी मशीनवर बनवलंय." भाचा हसला, "मामा, पुढचा नंबर तुमचा." त्याच सुमारास पेपरात वाचलं होतं की आशा भोसले यांच्या आवाजाची एआयवर नक्कल करायला मुंबई उच्च न्यायालयानं मनाई केली. त्याआधी २०२४ मध्ये अरिजित सिंगला याच कोर्टानं तसंच संरक्षण दिलं होतं. आशाताईंचा जन्म आपल्या सांगलीचा. मनात आलं, त्यांना मिळतं तर आपणही काहीतरी करून ठेवावं. रात्री फोनवर शोधलं: आवाजाचं कॉपीराइट कसं करायचं. एका ठिकाणी नाव-नंबर भरला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन. पुढचं तुम्हाला पाठच असणार, गोड मराठी बोलणारी मॅडम, मग "सीनियर सर", मग व्हॉट्सॲपवर अशोकस्तंभ छापलेली कागदं. ते सांगत बसत नाही.

पण ते धादांत खोटं बोलले असते तर मी फसलो नसतो. ते अर्धं खरं बोलले. सर म्हणाले, "दादा, आपल्या देशात आवाजाचा ट्रेडमार्क होतो. याहू कंपनीनं तो आरोळीसारखा सूर २००८ मध्ये रजिस्टर केलाय, स्वतः बघा." मी बघितलं. खरं निघालं. तिथंच माझं डोकं त्यांच्या खिशात गेलं. ध्वनिचिन्ह म्हणून एखादी ठरावीक धून, ठरावीक आरोळी नोंदवता येते हे खरंच आहे. माणसाचा अख्खा आवाज, तो जे जे बोलेल त्या सगळ्यासकट, नोंदवता येत नाही. हा फरक मला नंतर एका वकिलानं सांगितला, तोही पाचशे रुपये घेऊन. ते पाचशे मी वरच्या आकड्यात धरलेले नाहीत.

आता हिशेब. "सर्च"चे १,४९९. सरकारी फी म्हणून १४,५००. खरी फी एकट्या माणसाला माल-सेवांच्या एका वर्गासाठी ऑनलाइन भरली तर ४,५०० आहे, यांनी नुसता पुढं एक लावला. मग ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापायचे ६,८००. जर्नलमध्ये छापायला वेगळी फीच नसते. मग कुणीतरी हरकत घेतली म्हणून ती मिटवायला ११,२००. मग माझा आवाज वापरणाऱ्या चार जणांना नोटिसा पाठवायचे १८,०००. आणि शेवटी, नोटिशीला घाबरून त्या चौघांनी १,९२,००० रुपये रॉयल्टी जमा केली आहे, ती सोडवायला परत मिळणारी अनामत २४,०००. परत मिळणारी! सोसायटीच्या कर्जातून भरली ती.

आणि या सगळ्याच्या मधे ते रेकॉर्डिंग.

दुसरा हप्ता गेल्यावर मॅडम म्हणाल्या, नोंदणीसाठी आवाजाचा नमुना लागेल, स्क्रिप्ट पाठवते. चौसष्ट पानांची पीडीएफ आली. मी गोठ्याशेजारच्या खोलीत बसलो, पंखा बंद, खिडकीला गोधडी लावलेली, म्हैस हंबरली की थांबायचं आणि वाक्य परत घ्यायचं. शून्य ते शंभर आकडे वाचले. आपल्या मराठीत छप्पन्न, त्रेसष्ट, एकोणऐंशी हे जोडून बनत नाहीत, प्रत्येकाला वेगळं नाव, म्हणून शंभरच्या शंभर वाचून घेतले. मग बारा महिने. सगळ्या तालुक्यांची नावं. मग तीच वीस वाक्यं आधी आनंदात, मग रागात, मग घाईत. त्यातली काही अजून आठवतात: "अभिनंदन, आपली निवड झाली आहे." "जागा मर्यादित आहेत." "ही संधी पुन्हा येणार नाही."

बायको चहा घेऊन आली. दारातच उभी राहून तिनं दोन-तीन वाक्यं ऐकली आणि म्हणाली, "अहो, नोंदणीला एवढा आवाज कशाला लागतोय? सातबारा काढताना तलाठ्याला रानातली माती नेऊन देता का तुम्ही?"

इथं. इथं थांबायला पाहिजे होतं. मी काय म्हणालो? "तुला त्यातलं कळत नाही." हे वाक्य आता मला रोज ऐकू येतं, ती बोलत नसली तरी. सरकारी नोंदणीला राग कशाला लागतो? घाई कशाला लागते? बावीस वर्षं लोकांना बोलून गुंगवणारा मी, शाबासकीला भुललो. मॅडम प्रत्येक फाइलला लिहायच्या, "व्वा सर, काय रांगडा आवाज!" एकूण तीन तास दहा मिनिटं दिली मी त्यांना. ट्रेडमार्कच्या २०१७ च्या नियमांत ध्वनिचिन्हासाठी एमपीथ्री फाइल मागितली आहे, ती जास्तीत जास्त तीस सेकंदांची. तीस सेकंद! वकिलानं तो नियम दाखवला तेव्हा मी त्याच्या टेबलावरचा पेपरवेट धरून बसलो.

एकविसाव्या दिवशी सर्टिफिकेट आलं. मी ते फ्रेम केलं. फ्रेमचे ४५०, हेही आकड्यात नाहीत. ते कसलं तर तीन कायद्यांचं भडंग. मथळ्यात व्हॉइस कॉपीराइट, शिक्का ट्रेडमार्कचा, मुदत २० वर्षं, म्हणजे पेटंटची. ट्रेडमार्क दहा वर्षांचा असतो, पुढं नूतनीकरण. आणि खरा अर्ज केला असता तर तपासणी होऊन तो जर्नलमध्ये छापल्यावर हरकतींसाठी चार महिने थांबावंच लागतं, म्हणजे एकवीस दिवसांत नोंदणी होणं शक्यच नाही. कुणी एकवीस दिवस म्हणाला की फोन ठेवा. अर्जाचा नंबर दिला तर तो ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, दोन मिनिटं लागतात. मी ती दोन मिनिटं काढली चार महिन्यांनी. माझ्या सर्टिफिकेटवरचा नंबर एका मसाल्याच्या पाकिटाचा होता.

चैत्रात कळलं. जत्रेतून परत येताना एका गावच्या चौकात रिक्षा उभी, वर कर्णा, आणि त्यातून मी बोलतोय. "मंऽडळी, महिन्याला आठ टक्के परतावा, जागा मर्यादित आहेत." गाडी बाजूला घेतली. पाय लटपटत होते. स्वतःचा आवाज स्पीकरवर ऐकायची मला सवय आहे, पण जे आपण बोललोच नाही ते आपल्या तोंडून ऐकणं वेगळं. शेवटी त्यानं "चांगभलं" म्हटलं आणि तेवढं एक मला धरायला मिळालं. चांगभलंमधला च चमच्यातला, दातांना जीभ लावून काढायचा. त्या यंत्रानं चहातला काढला.

भाच्यानं शोधून काढलं. एका ॲपवर मी आहे. "रांगडा मराठी पुरुष, क्र. ७." मजकूर टाइप करा, पैसे भरा, मी बोलतो. कुणासाठीही. आमच्याच गल्लीतल्या एकानं त्या आठ टक्केवाल्यांकडं वीस हजार ठेवले, कारण "तुम्हीच सांगत होता की". त्याला काय सांगू?

आता कागद. रेकॉर्डिंगच्या आधी अकरा पानांची इंग्रजी "संमती" आली होती, खाली ओटीपी टाकायचा. टाकला. तुम्ही तरी वाचता का? वकिलानं वाचली. त्यात लिहिलंय की मी ही रेकॉर्डिंग जगभर, कायमची, कुठल्याही कामासाठी, यंत्राला शिकवण्यासाठीसुद्धा दिली आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. यांनी दोन्ही लिहून ठेवलं होतं, चोर माझ्यापेक्षा जास्त शिकलेला. वकील म्हणाले, नुसता आवाज हा कॉपीराइटचा विषय नाही, पण तुमचं सादरीकरण आहे, कलाकाराचा हक्क कलम ३८ मध्ये आहे, पन्नास वर्षांचा. शिवाय फसवून घेतलेली संमती ही संमती नव्हे. लढता येईल. खर्च विचारला आणि गप्प बसलो. अरिजित आणि आशाताईंना जो आदेश मिळाला तो मलाही मागता येईल असं ते म्हणतात, पण तुमचा आवाज लोक ओळखतात हे आधी कोर्टाला पटवावं लागेल. पलूसच्या मैदानात येऊन विचारा म्हणावं.

पोलिसांचं लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहितो. ठाण्याचं नाव मात्र लिहीत नाही, मला परत तिकडूनच जायचंय.

पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी हवालदारांनी रिक्षाची क्लिप ऐकली, दोनदा ऐकली, शेजारच्यालाही ऐकवली आणि म्हणाले, "हा तर तुमचाच आवाज आहे की. मग चोरी कसली?" मी समजावलं. आत साहेबांकडं नेलं. साहेब म्हणाले, "आवाज चोरीला गेला म्हणता, मग आत्ता बोलताय कशानं?" सगळं ठाणं हसलं. मीही हसलो, हे सगळ्यात वाईट. मग सांगितलं, पैसे तुम्ही घरून पाठवले, घर दुसऱ्या हद्दीत, तिकडं जा. तिकडं गेलो तर रिक्षा या हद्दीतली, इकडं या. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये सरळ लिहिलंय की दखलपात्र गुन्हा कुठं का घडेना, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो. मी ते छापून नेलं. "वकील झालात काय?" म्हणाले. कागद माझ्याच हातात परत. शेवटी साध्या कागदावर अर्ज घेतला, पोचेवर शिक्का मारला तो इतका फिका की तारीख वाचता येत नाही. चार हेलपाटे, चार दिवसांची कामं बुडाली, त्यातलं एक पाच हजारांचं मैदान. पाचव्यांदा गेलो तर अर्ज ज्यांच्याकडं होता त्यांची बदली.

ॲपवाल्यांना तक्रार केली. फॉर्म इंग्रजी, त्यात रकाना: नोंदणी क्रमांक. माझ्याकडं होता ना, मसाल्याचा.

१९३० ला, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन मी लाजेनं कळल्यावर नवव्या दिवशी केला. ही दुसरी मोठी चूक. पैसे खात्यातून खात्यात पळतात, पहिल्या तासात केलात तर काहीतरी अडकतं. माझे ३,१४० रुपये कुठल्यातरी खात्यात गोठवलेले सापडले, आणि ते द्यायला बँक म्हणते कोर्टाचा आदेश आणा. ३,१४० साठी आदेश!

आणि हो, पैसे पाठवलेली खाती एका कंपनीच्या नावाची नव्हतीच. सहा हप्ते, चार वेगवेगळ्या माणसांची नावं. पाठवताना स्क्रीनवर नाव दिसतं. मी बघत होतो. बघूनही विचारलं तर मॅडम म्हणाल्या, "सर, ते आमचे अकाउंटंट." चार अकाउंटंट!

कीर्तनकार, शाहीर, निवेदक, रील करणारी पोरं, तुमच्यापैकी कुणाला असा "नमुना" मागितला तर एक वाक्यसुद्धा वाचू नका. आकडे तर अजिबात नाही. गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका नंबरवरून मला फोन आला, तुमचे गेलेले पैसे मिळवून देतो, फक्त ओळख पटवायला आपलं पूर्ण नाव आणि पत्ता मोठ्यानं बोला. मी ठेवून दिला. बायको शेजारीच होती, काही म्हणाली नाही.

मिरज, तासगाव, विटा भागात ती रिक्षा अजून फिरतेय असं कळतं. महिन्याला आठ टक्क्यांची जाहिरात माझ्या आवाजात ऐकलीत तर तिथं पैसे ठेवू नका, ते मी बोललेलो नाही. खात्री करायची तर शेवटपर्यंत थांबून ऐका, चांगभलंमधला च चहातला आहे.