स्क्रूच्या जोडाला फेव्हिकॉल लावावा का? पावसाळा-उन्हाळा काढल्यानंतरचा अनुभव

बेळगाव-खानापूर भागात लाकडी सामानाची परीक्षा जूनमध्ये सुरू होते. जांबोटी-कणकुंबीकडे भिंती ओल धरतात, दारं फुगून चौकटीत अडकतात. निपाणी-चिक्कोडीकडे एप्रिलात तशीच दारं आखडून फटी दाखवतात. स्क्रू अधिक पांढरा गोंद (फेव्हिकॉल) लावलेली स्टुलं, बाक, मांडण्या आणि नुसत्या स्क्रूवर उभ्या केलेल्या तशाच वस्तू हे दोन्ही ऋतू वापरल्या, की फरक हाताला कळतो. दोन्ही लाकडांच्या रेषा, म्हणजे तंतू, एकाच दिशेने जातात तिथे गोंद हवाच. रुंद लाकडाला फुगायला-आखडायला जागा लागते तिथे तो नको.

नुसत्या स्क्रूच्या स्टुलाचं दुखणं म्हणजे डुगडुगणं. स्क्रू लाकडाला दोन-चार ठिकाणीच धरतो. पावसात लाकूड फुगतं, डोक्याखाली आणि आट्यांपाशी चेपतं. उन्हाळ्यात आखडलं की ते चेपलेपण तसंच राहतं आणि जोड सैल होतो. मग स्क्रू पिळायचा, पुन्हा सैल, पुन्हा पिळायचा, आणि शेवटी आटे लाकूडच खाऊन टाकतात. गोंद तोच भार सगळ्या पृष्ठभागावर पसरवतो. अशा जोडात स्क्रूचं मुख्य काम गोंद वाळेपर्यंत शिकंज्यासारखं दाबून धरण्याचं. पूर्ण वाळल्यावर स्क्रू काढून भोकात लाकडी खुंटी बसवली तरी चांगला जोड हलत नाही.

पण हे काम भोकं नीट पाडली तरच होतं. पाऊण इंची फळीला 8 नंबरचा 50 मिमी स्क्रू घ्या. वरच्या फळीत 4.5 मिमीचं आरपार भोक हवं, म्हणजे आटे तिथे पकडणार नाहीत. खालच्या लाकडात सागवानासाठी 3 मिमी, मऊ लाकडासाठी 2.5 मिमी. वरचं मोठं भोक टाळलं तर आटे दोन्ही फळ्यांना धरतात, मधली फट तशीच राहते आणि कितीही पिळलं तरी मिटत नाही. जाड फटीत भरलेला पांढरा गोंद वाळताना आकसतो, त्याला ताकद नसते. जिप्सम बोर्डसाठीचे काळे स्क्रू कठीण लाकडात वापरू नका, पिळताना मान तुटते.

गोंद चौरस फुटाला 15 ते 20 ग्रॅम पुरतो. ब्रशने पातळ, सलग थर द्या. दाबल्यावर कडेला बारीक मणी उमटले की प्रमाण बरोबर. ते लगेच ओल्या फडक्याने पुसा, नाहीतर पॉलिशखाली पांढुरके डाग दिसतात. डब्यात पाणी घालून गोंद वाढवायची सवय मात्र सोडाच. जोड तिथेच कमजोर होतो. स्क्रूला मेण चोळत असाल तर ते गोंदाच्या जागेवर लागू देऊ नका. एरवी 24 तास पुरतात, पण गोंदातलं पाणी हवेत जायचं असतं, त्यामुळे जुलैत 48 तास भार टाकू नका.

सागवानाला वेगळी काळजी लागते. त्यात तेल असतं आणि रंधा मारून आठवडाभर पडलेल्या फळीवर ते वर येतं. चिकटवायच्या दिवशीच 100 नंबरचा पॉलिश पेपर मारा, अ‍ॅसिटोनने पुसा आणि ते उडून गेलं की लगेच गोंद लावा. सुटलेला जोड पाहिला की कारण समजतं: लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर गोंदाने काम केलं, गुळगुळीत पापुद्रा निघाला तर तेल किंवा धूळ आड आली.

फळीच्या कापलेल्या टोकावर गोंद फारसा कामाचा नाही. टोक तो शोषून घेतं, आणि टोकात घुसवलेला स्क्रूही कमीच धरतो. मांडणीचे कप्पे बाजूच्या फळीत 6 मिमी खाच करून बसवा किंवा खाली पट्टी द्या.

टेबलाचा वरचा पाट चौकटीला कधीही चिकटवू नका. 400 मिमी रुंद सागवानी पाटात 4 टक्के ओलावा वाढला तर तो सुमारे 3 मिमी रुंदावतो. अडवला तर पाट चिरतो किंवा चौकट उसवते. इथे फक्त स्क्रू, वॉशर आणि चौकटीत 4.5 × 10 मिमीची लांबट भोकं, पाटाच्या रेषेला आडवी. मधला स्क्रू घट्ट, कडेचे किंचित मोकळे.

प्लायला हा प्रश्न नाही, त्याला गोंद-स्क्रू दोन्ही बिनधास्त लावा. एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीच्या) कडेला स्क्रू एकटा टिकत नाही, गोंद हवाच, आणि आधी भोक पाडलं नाही तर कड फुटते. सनमायका लावलेल्या बाजूवर पांढरा गोंद धरत नाही. तिथला सनमायका खरवडून काढा. मोरीजवळच्या किंवा पडवीतल्या कामाला साधा गोंद चालत नाही, पाण्यात तो मऊ पडतो. वॉटरप्रूफ प्रकार घ्या आणि स्क्रू स्टेनलेसचे वापरा. उघड्या पावसातल्या बाकाला गोंदावर विसंबू नका, सरळ नट-बोल्ट लावा. आणि जे पुढे खोलावं लागणार, जसं पलंगाची बाजू किंवा कपाटाची पाठ, तिथे गोंदाचा थेंबही नको.