कालवांसाठी खाडी निवडताना: दाभोळ की आचरा?

कालवांची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची, शेती करू पाहणाऱ्याने रत्नागिरीतली वाशिष्ठी नदीची दाभोळ खाडी निवडावी की सिंधुदुर्गातल्या आचऱ्यासारखी लहान खाडी? मी दोन्हीकडे बांबूच्या मचाणांना जाळीच्या पेट्या टांगून पाहिल्या आणि अखेर आचऱ्यालाच राहिलो.

मूळ फरक गोड्या पाण्याचा आहे. कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी वाशिष्ठीला मिळत असल्यामुळे ती ऐन मे महिन्यातही वाहती असते. हलके गोडे पाणी वरून समुद्राकडे जाते आणि जड खारे पाणी तळाने आत शिरते. आचऱ्याचे पाणलोट क्षेत्र लहान आहे, त्यामुळे ओढे आटले की तिथले पाणी जवळजवळ केवळ भरती-सुकतीवर हलते. नदीबरोबर येणाऱ्या खाद्यामुळे असेल, पण कालवांची वाढ मला दाभोळकडे अधिक जोमदार वाटली.

तरीही माझा निर्णय गाळाने केला. नदीतील चिकणमातीचे कण खाऱ्या पाण्यात शिरताच एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. माझ्या पेट्या नेमक्या त्याच पट्ट्यात होत्या. जाळीवर लोण्यासारखा मऊ थर चढे, तिचे डोळे बुजत आणि आतल्या कालवांना पाणी मिळेनासे होई. सुकतीला गुडघाभर चिखलात उभे राहून जाळी घासावी, तर पुढच्या उधाणापर्यंत पुन्हा तीच गत. मेलेले कालव उघडले की शिंपल्यात काळा रेंदा निघे.

आचऱ्याला हिवाळ्यापासून पाणी बरेच निवळ असते आणि जाळी पुष्कळ दिवस मोकळी राहते. नदीचा पुरवठा नसला तरी खाडी उपाशी नसते: कांदळवनाचा पाला तिथेच कुजतो आणि त्यावर कोळंबीची पिल्ले, बोय, खेकडे पोसतात. मात्र खाडीच्या वरच्या टोकाला जागा घेऊ नये. भांगाच्या, म्हणजे कमी भरती-सुकतीच्या, दिवसांत तेच पाणी पुढे-मागे हेलकावत राहते, उन्हाने आटून कधी समुद्राहूनही, म्हणजे हजार भागांत सुमारे 35 भाग क्षारांहून, खारट होऊ शकते आणि सांडपाणी मिसळले तर लवकर बाहेर पडत नाही. मुखाशी वाळूचा दांडा वाढून वाट अरुंद होत नाही ना, हेही पाहावे.

ज्यांचे घर काठावर आहे आणि जाळी घासायला माणसे आहेत, त्यांना दाभोळ कदाचित अधिक उत्पन्न देईल. इतरांनी, माझ्या मते, आचऱ्याच्या मुखाजवळची जागा पाहावी आणि जूनच्या पुरापूर्वी माल काढून घ्यावा.