जुना पीसी, नवा मॉनिटर: २४, २७ की फोर के?

ऐन दिवाळी अंकांच्या धांदलीत माझ्या १९ इंची मॉनिटरने मान टाकली. पीसी मात्र ठणठणीत होता. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. पुण्यात नारायण पेठेतल्या एका खोलीत बसून मी पुस्तकांची मांडणी, लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल आणि फ्लेक्स करतो, त्याला एवढं पुरतं. घाईघाईत २७ इंची फोर के, म्हणजे ३८४० × २१६० पिक्सेलचा, मॉनिटर उचलला. दुकानदार म्हणाला, "एचडीएमआय आहे ना मागे? मग चालणार."

चालला. फक्त माउसचा बाण हाताच्या मागून यायचा. कोरलड्रॉमध्ये अक्षराचा नोड, म्हणजे कडेवरचा बिंदू, पकडायला जावं तर बाण त्याला ओलांडून पुढे. डोळे तपासायची वेळ आली असं वाटलं, मग डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये आकडा दिसला: ३० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चित्र फक्त ३० वेळा बदलतं, नेहमी ६० वेळा बदलतं. बदलून मिळाला, पण 'बॉक्स उघडलाय' म्हणून हजार रुपये कापले गेले.

म्हणून सांगतो, मॉनिटरचे रिव्ह्यू नंतर बघा, आधी पीसीच्या पाठीमागे वाका. तिसऱ्या पिढीच्या इंटेलवर मदरबोर्डचा एचडीएमआय बहुतेक १९२० × १२०० पिक्सेलपर्यंतच जातो. चौथ्या पिढीत तोच पोर्ट २५६० × १४४० ला ६० हर्ट्झ देतो, पण फोर के दिलं की २४ किंवा ३० वर येतो. मदरबोर्डवरच्या डीव्हीआय या जुन्या रुंद पोर्टची भोकं मोजून फसू नका. पूर्ण २४ पिनांचा दिसला तरी आतून तो बहुतेक सिंगल लिंक, म्हणजे अर्ध्या क्षमतेचा असतो, पुन्हा १९२० × १२००. जुन्या ग्राफिक्स कार्डावरचा डीव्हीआय मात्र बहुधा खरा ड्युअल लिंक असतो आणि २५६० × १६०० पर्यंत नेतो. आणि कंपन्यांतून निघालेला, डिस्प्लेपोर्ट हा एचडीएमआयसारखाच दुसरा पोर्ट असलेला सेकंडहँड ऑफिस पीसी घेतला असेल तर तुम्ही नशीबवान. चौथ्या पिढीपासून पुढे डिस्प्लेपोर्टवर फोर के ६० हर्ट्झला मिळतं.

तुलनेसाठी आसूसच्या प्रोआर्ट मालिकेतले तीन घेतो, कारण तिघांचाही दावा शंभर टक्के एसआरजीबीचा, म्हणजे स्क्रीनच्या रंगांचा नेहमीचा ठरलेला पट्टा पूर्ण दाखवण्याचा आहे. रंगाचा मुद्दा समान धरून बाकीचं बोलता येतं. पीए२४८क्यूव्ही हा २४.१ इंची, १९२० × १२००, आणि त्याला व्हीजीए हा जुना निळा पोर्टही आहे. पीए२७८क्यूव्ही हा २७ इंची, २५६० × १४४०, म्हणजे क्यूएचडी. याला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि चक्क ड्युअल लिंक डीव्हीआय. पीए२७९सीव्ही हा २७ इंची फोर के, यूएसबी-सी सकट. दुकानात यांच्या नव्या आवृत्त्या दाखवल्या तर पोर्ट पुन्हा मोजा. नव्यात जुने पोर्ट गळतात.

आता एक ए-फोर कागद घ्या आणि स्क्रीनवर उभा धरा. कागदाची उंची २९७ मिलिमीटर. नेहमीच्या २३.८ इंची फुल एचडी (१९२० × १०८०) मॉनिटरची काच उंचीला जेमतेम २९६. म्हणजे मेनू आणि टूलबार सोडायच्या आधीच पान बाहेर. २४.१ इंचीची काच ३२४ मिलिमीटर उंच असते, त्यात पान बसतं आणि वर मेनूपुरती फट राहते. २७ इंचीत समोरासमोरची दोन पानं मूळ आकारात उघडली तरी रुंदीत १७ सेंटिमीटरहून जास्त जागा पॅलेटांना उरते. रोज जोडपानं लावणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

दुसरी कसोटी 'सर्वांत' या शब्दाची. ११ पॉइंटात, मूळ आकारात, फुल एचडीवर अक्षराच्या वाट्याला उंचीला साधारण १४ पिक्सेल येतात. रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळून डाग होतो आणि 'सर्वात' आहे की 'सर्वांत' हे झूम केल्याशिवाय कळत नाही. २७ च्या क्यूएचडीवर १७ च्या आसपास येतात, टिंब सुटं दिसतं. फोर केवर २५. तिथे छापील पानच समोर आहे असं वाटतं, हे खोटं बोलणार नाही. आणि २७ इंचीत फुल एचडी घेऊच नका. काच मोठी, पिक्सेल तेवढेच, डाग आणखी जाड.

मग फोर केच का नाही? कारण सॉफ्टवेअरही जुनं आहे. फोटोशॉप सीएस६ ची हत्यारं विंडोजवर फोर केला मुंगीएवढी होतात. पानं मांडायचा पेजमेकर आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी वापरणाऱ्यांचं तेच. विंडोजने मोठं करून दाखवलं तर सगळं धूसर. शिवाय फोर केचे पिक्सेल फुल एचडीच्या चौपट, आणि तो भार प्रोसेसरच्या अंगच्या ग्राफिक्सने तुमच्याच ८ जीबीतून उचलायचा. जीटी १०३० सारखं एचडीएमआय २.० चं लहान ग्राफिक्स कार्ड घालून ६० हर्ट्झ मिळवता येतं, त्याला वेगळी पॉवर केबलही लागत नाही. पण मुंगीएवढे बटण त्याने मोठे होत नाहीत.

रंगाचं थोडक्यात. बॉक्सवर '४५ टक्के एनटीएससी' (रंगांचं दुसरं, जुनं माप) दिसलं की ठेवून द्या, ते एसआरजीबीच्या पाऊणहून कमी भरतं. उलट टोकाला, वाइड गॅमटच्या, म्हणजे एसआरजीबीहून जास्त भडक रंगांच्या, मोहात पडू नका. बऱ्याच जुन्या प्रोग्रामांना मॉनिटरचं रंगांचं प्रोफाइल कळत नाही, मग मंडळाचा भगवा स्क्रीनवर पेटतो आणि फ्लेक्सवर विझतो, शिव्या आपल्याला. मॉनिटरला एसआरजीबी मोड असेल तर तो लावून ठेवा. ब्राइटनेसही दुकानातला शंभर टक्के ठेवू नका. छपाईच्या कामाला १०० ते १२० कँडेला (उजेडाचं माप, चौरस मीटरला) पुष्कळ.

मी शेवटी क्यूएचडी घेतला, २४ इंचीच्या जवळपास दीडपट पैसे मोजून. तिसऱ्या पिढीचा पीसी किंवा फक्त व्हीजीए असता तर मुकाट २४.१ घेतला असता. एका मित्राला मात्र मी फोर केच घ्यायला लावला. त्याला वर्षभरात पीसी बदलायचाय. चौथी पिढी विंडोज ११ च्या यादीत नाही आणि विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. तोवर तो फोर केवर २५६० × १४४० लावून काम भागवतोय, अक्षरं जरा मऊ दिसतात एवढंच.

केबल जुनी वापरू नका, इथल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात नवी मिळते. आणि सेटिंगमध्ये ६० हर्ट्झ दिसेपर्यंत खोक्याचा थर्माकोल फेकू नका.